भाऊ डिटेन्शन सेंटरमध्ये आहे, भेटायला जाऊ का?

"ताई, माझा धाकटा भाऊ शिकायला इकडे अमेरिकेत आला. मास्टर्स झालं, ओपीटी (शिक्षणानंतर काम करायची तात्पुरती परवानगी) संपली, एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत नाव लागलं नाही आणि तो परत गेलाच नाही. मित्रांच्यात राहून मिळेल ते काम करत होता. मागच्या महिन्यात त्याला इमिग्रेशनवाल्यांनी धरलं. दोन दिवस कुठे आहे तेच कळेना. मग न्यू जर्सीतल्याच एलिझाबेथ गावच्या डिटेन्शन सेंटरमधून त्याचा फोन आला, तोही मिनिटभरात कट झाला. मी नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या एच-४ व्हिसावर आहे, आमच्या ग्रीन कार्डचं चालू आहे. नवरा म्हणतो, तू तिकडे फिरकू नकोस, उगाच आपलं नाव कुठेतरी लागायचं. मिरजेत आई-बाबांना सांगितलंय की त्याचा फोन बिघडलाय. दिवाळी तोंडावर आली. त्याला भेटू का? डबा, स्वेटर, पैसे काय देता येतं? आई-बाबांना काय सांगू?" – एक बहीण, एडिसन

प्रिय बहिणी,

भेटायला जा, आणि या शनिवार-रविवारीच जायचं बघ. बाकीचं सगळं सांगतेच, पण आधी हे, कारण तुझ्या पत्रातला खरा प्रश्न 'जाऊ का' हाच आहे.

न्यू जर्सीतल्या डिटेन्शन सेंटरमध्ये, ज्यांना कोणी भेटायला येत नाही अशांना भेटणाऱ्या स्वयंसेवकांबरोबर मी जाते. तिथे जे पाहिलं त्यावरून माझं मत पक्कं झालंय. आत असलेली माणसं केस हरतात त्याआधी बऱ्याचदा धीर हरतात. बाहेर कोणी आपल्यासाठी धावपळ करतंय हे कळत नाही, दिवसरात्र दिवे चालू, झोप नाही, आणि समोर कागद येतो: इथे सही कर, लवकर घरी जाशील. माणूस सही करून मोकळा होतो. तुझा फोन, तुझं पत्र, तुझी भेट यांना नुसता दिलासा समजू नकोस. त्याच्या केसचं निम्मं काम तिथेच होतं.

आता नवऱ्याची भीती. ती खुळी नाही, त्यांच्यावर चिडू नकोस. पण तू वैध स्टेटसवर आहेस. ताब्यात असलेल्या सख्ख्या भावाला भेटल्याने एच-४ची कुठलीही अट मोडत नाही. दारावर सरकारी फोटो ओळखपत्र मागतात. तू मूळ पासपोर्ट आणि आय-९४ची (देशात आल्याच्या सरकारी नोंदीची) प्रत जवळ ठेव. तसंही अठरा वर्षांवरच्या परदेशी नागरिकाने आपली नोंदणीची कागदपत्रं जवळ बाळगावीत असा इथला कायदाच आहे. ज्या वकिलाकडे तुमचं ग्रीन कार्डचं काम आहे, त्याच्याशी दोघांनी मिळून अर्धा तास बोला, म्हणजे नवऱ्याच्या मनातली शंका फिटेल. मात्र तुमच्या ओळखीत ज्यांचे स्वतःचे कागद सरळ नाहीत, उदाहरणार्थ भावाचे ते मित्र, त्यांनी त्या दाराशी अजिबात जाऊ नये. कितीही जीव तुटला तरी नाही. पार्किंगमध्ये गाडीत बसायलासुद्धा नको. त्यांच्या वतीने निरोप तू ने.

भाऊ आज एलिझाबेथला आहे म्हणून उद्याही तिथेच असेल असं धरून चालू नकोस. हे सेंटर छोटं आहे, नेवार्क विमानतळाजवळच्या गोदामांच्या भागात. तिथून माणसांना रातोरात पेनसिल्व्हेनियातल्या मोशॅनन व्हॅलीला, नाहीतर थेट लुइझियाना-टेक्सासला हलवतात. घरच्यांना आधी कोणी कळवत नाही. म्हणून आईसच्या (अमेरिकेच्या इमिग्रेशन अंमलबजावणी खात्याच्या) वेबसाइटवरचं डिटेनी लोकेटर, म्हणजे ताब्यातला माणूस कुठे आहे ते दाखवणारं पान, रोज एकदा बघत जा. त्यात शोधायचा खात्रीचा रस्ता म्हणजे ए-नंबर आणि जन्मदेश. ए-नंबर म्हणजे इमिग्रेशन खात्याने त्याला दिलेला नंबर, 'ए' अक्षरापुढचे नऊ आकडे, आठच असतील तर सुरुवातीला शून्य जोडायचं. तो नंबर पुढच्या फोनवर पहिल्या दहा सेकंदांत विचारून लिहून घे, कारण पैसे, पत्र, भेट, वकील, कोर्टाची तारीख सगळं त्या नंबरावर चालतं.

नंबर मिळेपर्यंत नावाने शोधावं लागेल, आणि आपली मराठी माणसं नेमकी तिथेच अडकतात. लोकेटरला नाव तंतोतंत लागतं. आपल्या पासपोर्टवर बऱ्याचदा नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं. त्यामुळे नुसत्या नावाने काही सापडत नाही आणि घरचे घाबरतात की हा गेला कुठे. आधी वडिलांच्या नावासकट टाक, मग त्याच्याशिवाय, मग आडनावाचं स्पेलिंग पासपोर्टवर जसं आहे तसं. हाती लागलं तर त्या पानाचा फोटो काढून ठेव. कोर्टाची तारीख १-८००-८९८-७१८० या स्वयंचलित नंबरावर ए-नंबर दाबून कळते.

फोनबद्दल. तुला आत फोन लावता येणार नाही, तोच बाहेर करू शकतो. त्यासाठी त्या सेंटरला फोनसेवा देणाऱ्या कंपनीत तुला प्रीपेड खातं उघडून पैसे भरावे लागतात. कुठली कंपनी, हे सेंटरच्या माहितीच्या पानावर असतं किंवा तिथल्या कार्यालयात फोन करून विचार. त्याचा पहिला फोन कट झाला तो बहुधा याचमुळे, खातंच नव्हतं. आता यापुढे अनोळखी नंबर उचलायचा. आपण सगळे स्पॅम समजून कट करतो ना, तसं करू नकोस. आधी इंग्रजीत रेकॉर्ड केलेला आवाज येतो, आणि त्या सरकारी वाक्याच्या मधल्या मोकळ्या जागेत अचानक भावाच्या स्वतःच्या आवाजात त्याचं नाव ऐकू येतं. तेवढं नाव कानावर पडलं की कित्येकींना पुढचं काही सुचत नाही, आणि कॉल स्वीकारायला कुठला आकडा दाबायचा हे ऐकायचं राहून जातं. तेव्हा शेवटपर्यंत ऐक, आकडा दाब.

फोन ऐकला जातो, रेकॉर्ड होतो. वकिलाशी ठरवून केलेलं बोलणं सोडलं तर सगळं. कुठे काम करत होता, रोख पैसे कोण देत होतं, कोणाच्या घरी राहत होता, ओपीटी कधी संपली, यातलं एक अक्षर फोनवर नको. मराठीत बोललं म्हणून काही बिघडत नाही या भ्रमात राहू नकोस, भाषांतर करणारे मिळतात. मिरजेचा फोन कॉन्फरन्सवर जोडून द्यायचा मोह होईल, तोही आवर. बहुतेक सेंटरमध्ये तिसरा माणूस जोडायला मनाई असते आणि लाईन तुटते, कधी फोनची सवलतही जाते. त्याऐवजी परदेशी कॉलचे पैसे खात्यात भर आणि तो थेट मिरजेला लावू दे. घड्याळ लक्षात ठेव, नोव्हेंबरात इथली वेळ मागे गेली की भारताशी फरक साडेदहा तासांचा होतो. आई-बाबांना ठरलेल्या वेळी फोनजवळ बसू दे.

मग बोलायचं काय? काय जेवलास, झोप लागते का, शेजारच्या खाटेवर कोण आहे, भाच्याचा दात पडला. असलं बोलणं पोकळ वाटेल, पण आतल्या माणसाला तेच हवं असतं. आणि प्रत्येक वेळी एक वाक्य न चुकता: वकिलाला दाखवल्याशिवाय कशावरही सही करू नकोस.

आता भेटीचं. जायच्या आदल्या दिवशी सेंटरला फोन करून तीन गोष्टी विचार: त्याच्या युनिटचा भेटीचा वार आणि वेळ कोणती, आधी नाव नोंदवावं लागतं का, आणि ओळखपत्र म्हणून पासपोर्ट चालतो ना. वार कधी युनिटवरून ठरतो, कधी आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून, आणि बदलतोही. आईसच्या नियमावलीत भेटीचा किमान वेळ ठरवून दिलाय आणि लांबून येणाऱ्या घरच्यांना जास्त वेळ द्यावा असं म्हटलंय. प्रत्यक्षात रांग मोठी असली की घाई करतात. वेळेच्या बरंच आधी पोहोच.

कपडे साधे, अंगभर. बिनबाह्यांचं, तंग, पारदर्शक, आखूड, टोपीचं जॅकेट यातलं काही नको. मेटल डिटेक्टरमधून जायचं असतं. बांगड्या, जोडवी, केसांच्या पिना घरी ठेव, तार असलेली अंतर्वस्त्रंसुद्धा टाळ. मंगळसूत्रावरून दारात हुज्जत होऊ शकते. एका तरुण मुलीचं मी पाहिलंय. पहारेकरीण म्हणत होती काढून लॉकरमध्ये ठेवा, आणि ती गळ्याशी हात धरून उभी, मागे रांग खोळंबलेली. नवरा आत, आणि त्याला भेटायला जाताना मंगळसूत्र उतरवायचं हे तिच्याने होईना. शेवटी मागची एक ग्वाटेमालाची बाई पुढे झाली, तिने स्वतःची गळ्यातली क्रुसाची साखळी आधी काढून ट्रेमध्ये टाकली आणि हिच्याकडे बघत राहिली. मग हिनेही काढलं. तुझं घरूनच ठरवून जा, म्हणजे त्या दारात रडायची वेळ येणार नाही. फोन, पर्स, स्मार्ट घड्याळ सगळं बाहेर राहतं. लॉकरला क्वार्टर लागतात कधी, चार-पाच खिशात असू देत.

आणि डबा नाही. चकली नाही, लाडू नाही, स्वेटर नाही. हातातून हातात काहीच देता येत नाही. फॉइलमध्ये पराठे बांधून आलेले एक पंजाबी आजोबा मी पाहिलेत, ते पुडकं पहारेकऱ्याला उघडून उघडून दाखवत होते, बघा, फक्त मुळ्याचे आहेत. तुला फराळाचं वाईट वाटेल हे मला ठाऊक आहे. त्याचे पैसे त्याच्या कमिसरी खात्यात टाक, तो आतल्या दुकानातून नूडल्स, बिस्किटं, साबण, मोजे घेईल. खात्यात पैसे ठरलेल्या कंपनीमार्फतच भरायचे, पाकिटात रोख घालायची नाही, आणि एकदम मोठी रक्कम नको, कारण हलवलं तर ते पैसे मागून पोहोचायला वेळ लागतो. आत काम करणाऱ्यांना दिवसाला एक डॉलर इतका कमी मोबदला देण्याची मुभा नियमात आहे, तेव्हा तुझे वीस डॉलर तिथे खूप मोठे आहेत. तो गोमांस खात नसेल किंवा शाकाहारी असेल तर धार्मिक आहारासाठी तिथल्या चॅपलिनकडे (सेंटरच्या धर्मगुरूकडे) लेखी अर्ज कर म्हणावं. तोंडी सांगून कोणी लक्ष देत नाही.

तो समोर येईल तेव्हा अंगावर गणवेश असेल. पुष्कळ ठिकाणी निळा कमी जोखमीचा, नारिंगी मधला, लाल वरचा असे रंग असतात. रंग बघून दचकू नकोस. भेट कुठे टेबलाशी समोरासमोर असते, कुठे काचेआडून रिसीव्हरवर. तू रडशील, तोही रडेल, त्यात काही वाईट नाही. मग मात्र आठवणीने तीन गोष्टी विचार: औषध मिळतंय का, कोणी कसली सही घेतली का, कोर्टाची तारीख सांगितली का. कागद आत नेऊ देतील याची खात्री नाही, म्हणून पाठ करून जा. तब्येतीची तक्रार असेल तर तीही त्याने लेखी द्यावी. आईसने तुझ्याशी त्याच्या केसबद्दल बोलावं यासाठी संमतीचा एक फॉर्म असतो, ६०-००१ नंबरचा. त्यावर त्याने सही केली तर तुझ्या चौकशीला उत्तर मिळतं, नाहीतर 'माहिती देता येत नाही' एवढंच ऐकशील. ही एक सही चालेल.

ज्या आठवड्यात भेट जमणार नाही त्या आठवड्यात पत्र लिही. पाकिटावर त्याचं पूर्ण नाव आणि ए-नंबर, आत स्टेपल, स्टिकर, चकाकी काही नको. पत्र उघडून बघतात हे धरूनच लिहायचं. आईच्या हातचं पत्र मिरजेहून मागव, उशिरा येईल पण येऊ दे. पुस्तकं मात्र आपल्या घरून पाठवता येत नाहीत, बहुतेक ठिकाणी थेट प्रकाशक किंवा दुकानाकडून आलेलीच, कागदी बांधणीची, घेतात. तुला दर आठवड्याला जाणं झेपणार नाही, तर फर्स्ट फ्रेंड्स ऑफ न्यू जर्सी अँड न्यू यॉर्क ही संस्था याच भागातल्या डिटेन्शन सेंटरमध्ये भेटीला माणसं पाठवते, पत्रमैत्री जुळवून देते. त्यांना कळव. अनोळखी माणूस भेटायला आला तर भाऊ आधी बुजेल, नंतर वाट बघेल.

वकिलाचं तू काहीच लिहिलं नाहीस, आणि मला सगळ्यात काळजी त्याची वाटते. हे फौजदारी प्रकरण नाही, दिवाणी आहे. ऐकायला बरं वाटतं, पण त्याचाच अर्थ असा की सरकार फुकट वकील देत नाही. स्वतःचा आणावा लागतो. न्यू जर्सीत मात्र २०१८ पासून राज्याच्या पैशातून, कमी उत्पन्नाच्या डिटेन्शनमधल्या लोकांना वकील मिळण्याची सोय आहे. लीगल सर्व्हिसेस ऑफ न्यू जर्सी आणि नेवार्कमधली अमेरिकन फ्रेंड्स सर्व्हिस कमिटी, दोन्हीकडे सोमवारी सकाळीच फोन कर. वकिलाने जी-२८ फॉर्म भरला की तो नोंदीवर येतो, आणि मग भावाला दुसरीकडे हलवलं तर वकिलाला कळवणं आईसला भाग असतं. घरच्यांना मात्र कळवत नाहीत. एवढ्या एका कारणासाठीही वकील आधी बघ. 'मी आतल्या माणसाला ओळखतो, पाच हजारांत सोडवतो' म्हणणारा कोणी देशी एजंट भेटला तर फोन ठेवून दे.

भाऊ व्हिसा घेऊन रीतसर आत आलाय, त्याच्यावर गुन्हा नसेल तर न्यायाधीशापुढे बॉण्ड (पैसे भरून मिळणारा जामीन) मागता येईल का हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचार. बॉण्डची किमान रक्कम १५०० डॉलर असते, प्रत्यक्षात बरीच जास्त ठरते. न्यायाधीशाला बघायचं असतं की हा पळून जाणार नाही. त्यासाठी तुझ्या घराचा पत्ता, त्याची डिग्री, प्राध्यापकांची, मंडळातल्या लोकांची पत्रं आतापासून जमव. मराठी मंडळात सांगायची लाज वाटते ना तुला? मी मोकळेपणाने सांगते, दोन-तीन विश्वासू घरांना सांग. एलिझाबेथचं इमिग्रेशन कोर्ट त्याच इमारतीत आहे, सुनावणीला कुटुंबाला बसता येतं का ते वकील सांगेल. येत असेल तर बसा.

आणि समजा वकील म्हणाला की इथे राहायला काही वाव नाही, तर परत जाणं ही हार समजू नका. फक्त जाण्याचा रस्ता नीट निवडायचा. हकालपट्टीच्या आदेशावर गेला तर साधारण दहा वर्षं परतीचा दरवाजा बंद होतो. न्यायाधीशाच्या परवानगीने स्वेच्छेने गेला तर तो शिक्का लागत नाही. तिशीच्या आतल्या मुलासाठी हा फरक फार मोठा आहे. म्हणूनच मी सहीवर इतका जोर देतेय.

भारतीय दूतावासाचं बऱ्याच जणांना माहीत नसतं. व्हिएन्ना कराराच्या ३६व्या कलमाने ताब्यातल्या परदेशी माणसाला आपल्या दूतावासाशी बोलायचा हक्क आहे. काही देशांच्या बाबतीत अमेरिकेला आपणहून कळवावंच लागतं, पण भारत त्या यादीत नाही. तुझ्या भावाने मागितलं तरच कळवतील. न्यू जर्सी न्यू यॉर्कच्या कॉन्सुलेटकडे येतं. तूही त्याच्या पासपोर्टची प्रत जोडून ईमेल कर, आणि आई-बाबांना परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवता येईल. कॉन्सुलेट त्याला सोडवू शकत नाही, पण चौकशी करू शकतं, तब्येतीबद्दल विचारू शकतं, पासपोर्ट संपला असेल तर प्रवासाचा कागद देऊ शकतं. फक्त भाऊ आश्रय मागणार असेल तर आधी वकील, मग कॉन्सुलेट. हा क्रम उलटा करू नकोस.

राहिले आई-बाबा. त्यांना आज सांग. ५ फेब्रुवारी २०२५ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं, त्यात महाराष्ट्रातले तिघे होते. हातापायांतल्या बेड्या सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिल्या, तुझ्या आई-बाबांनीही पाहिल्या असणार. उद्या कोणाच्या तरी व्हॉट्सअॅपवरून त्यांना हे कळलं, तर त्यांच्या डोळ्यापुढे थेट तेच चित्र येईल. त्यापेक्षा तुझ्या तोंडून कळू दे: तो जिवंत आहे, एलिझाबेथला आहे, त्याने चोरीमारी केलेली नाही, व्हिसाची मुदत संपली म्हणून त्याला ठेवलंय, आपण वकील बघतोय. बाबांना हेही बजाव की अधिकारी असल्याचं सांगून कोणी पैसे किंवा गिफ्ट कार्ड मागितलं तर एक रुपया द्यायचा नाही, आधी तुला विचारायचं. शेजारीपाजारी काय सांगायचं ते त्यांचं त्यांना ठरवू दे. फोन बिघडलाय हे तुझं सांगणं दिवाळीच्या दिवशी टिकणार नाही, भाऊबीजेला तर नाहीच.

शुक्रवारी सेंटरला फोन केलास की मला दोन ओळी लिही, वार कुठला मिळाला ते. आणि नवऱ्याला म्हणावं, दारापर्यंत सोडायला तरी या. गाडी बाहेरच उभी करायची असते.

तुझी
ताई